मॉन्स्टेरासाठी घेतलेली चार मुंड्यांची ग्रो लाइट, आणि आमच्या कूलरने खाल्लेली खिडकी

५ पैकी २ स्टार. त्यातला एक क्लिपला, क्लिप खरंच दणकट आहे, टेबलाला लावली की हलायचं नाव नाही. दुसरा अशासाठी की अर्धी चूक माझी होती. ऑनलाइन घेतलेली, १,२४९ रुपयांना, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असल्या लाइटी दहा नावांनी मिळतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात, चार लवचिक नळ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक पट्टी, मधे बटणांचा रिमोट. तुम्ही पण बघितली असेल.

आता जळगावात राहून झाडाला लाइट विकत घेतो म्हटल्यावर लोक हसणारच. घरी पण हेच झालं. आई पारोळ्याची, ती अहिराणीतच बोलते, खोकं उघडलं तर म्हणे "झाडले बी लाइट लागस का रे भाऊ?" आणि मग गॅलरीतून बाहेर बघितलं, मार्च संपत आलेला, दुपारी बाराचं पांढरंफटक ऊन, आणि म्हणाली "काय दिन उनात माय." मे मधे ४४-४५ डिग्री सोसणाऱ्या गावात उजेड कमी पडतो हे कोणाला पटेल? मला पण नव्हतं पटलं.

पण उजेड बाहेर आहे ना भो, घरात कुठे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घर म्हणजे गुहा करतो आपण. जाड पडदे, काचेला काळी फिल्म, आणि मुख्य म्हणजे कूलर. आमच्या हॉलला एकच धड खिडकी, पूर्वेची, होळी झाली की तिच्यात लोखंडी कूलर बसतो आणि बाजूला जी वीतभर फट उरते तिच्यात थर्माकोल आणि पुठ्ठा कोंबतो, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. ते थेट पहिला दमदार पाऊस होईपर्यंत. म्हणजे वर्षातले साडेतीन-चार महिने त्या खिडकीतून उजेड येतच नाही, आणि माझा मॉन्स्टेरा, म्हणजे ते मोठ्या चिरलेल्या पानांचं शोभेचं झाड, त्याच खिडकीपासून तीन फुटावर. आदल्या दिवाळीत नर्सरीतून साडेचारशेला आणलेला, पाच पानं, थंडीभर मस्त होता. जानेवारीत तर एक पान नुसतं कापलेलंच आलं, दोन्ही बाजूला तीन-तीन चिरा, मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तर आत्या म्हणे अळू का रे हे. हसलो मी, पण आत्या तशी बरोबर, अळू, सुरण, मनी प्लांट आणि हा, सगळं एकाच कुळातलं.

कूलर बसला आणि महिन्याभरात झाडाचा रंगच बदलला. म्हणजे रंग तोच, चाल बदलली. नवीन पान आलं ते तळहाताएवढं, एकही चीर नाही, आणि त्याचा देठ मागच्या पानाच्या दीडपट लांब. सगळं झाड दरवाजाकडे वाकलेलं, कारण दिवसभरात उजेड दिसतो तो फक्त दरवाजातून. बायको म्हणे पाणी कमी पडतंय, म्हणून तिने पाणी वाढवलं. इथे खरा घोळ. उजेड कमी तर झाड पाणी पण कमी ओढतं, त्यात कूलरने खोलीत ओलावा, कुंडीतली माती आठ-आठ दिवस ओलीच आणि मग ती बारीक काळी चिलटं सुरू झाली, चहाच्या कपात पडायला लागली. तेव्हा मी रात्री बसून लाइट ऑर्डर केली. विचार न करता.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ८० वॅट. आणि सोबत पिन कोणती तर यूएसबीची. तिच्यासोबतच्या ॲडॅप्टरवर बारीक अक्षरात ५ व्होल्ट, २ अँपिअर. पाच दुणे दहा. म्हणजे त्या ॲडॅप्टरमधून दहा वॅटच्या वर काही निघूच शकत नाही, तर ऐंशी कुठून येणार? मी एमआयडीसीत चटईच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, रोज मोटारींच्या नेमप्लेटी वाचतो, आणि घरची वस्तू घेताना हे एवढं बघितलं नाही. आता समजलं का अर्धी चूक माझी का म्हणालो ते.

तीन मोड आहेत, जांभळा, पांढरा आणि दोन्ही मिळून. सुरुवातीला मी जांभळाच लावला कारण माहितीपत्रकात तोच "ग्रोथ" वाला होता. तत्त्व खोटं नाही, पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त खातं म्हणून लाल-निळ्या एलईडी एकत्र करतात आणि आपल्या डोळ्याला ते जांभळं दिसतं. पण साधी पांढरी एलईडी म्हणजे तरी काय, आत निळीच चिप असते आणि वर पिवळा लेप, त्यातून निळा, हिरवा, पिवळा, लाल सगळंच थोडं थोडं निघतं आणि झाड हिरवा पण वापरतं, अगदी टाकून देत नाही. म्हणजे जांभळ्यात जादू काही नाही. उलट घरात तो उजेड असला की डोकं उठतं, जेवायला बसलो तर वांग्याचं भरीत काळं दिसायचं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका भाऊंनी गेटवर गाठून विचारलं, "काय हो, गणपती लवकर बसवले का यंदा?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय का, देठात पांढरी कापसासारखी कीड बसलीय का, हे काहीच दिसत नाही. मला मिलीबग दिसली ती लाइट गेल्यावर, टॉर्चमधे.

लाइट गेल्यावरून आठवलं. याला टायमर आहे, ३, ९ आणि १२ तासांचा. छान वाटतं ना वाचायला? तर होतं काय, सकाळी सातला लावली, साडेनऊला फॉल्ट होऊन लाइट गेली, दहाला आली, पण ही बया बंदच. परत चालू होत नाही, बटण दाबावं लागतं. आम्ही दोघं नोकरीला, आई दुपारी झोपते, संध्याकाळी येऊन बघावं तर झाड अंधारात. मे महिन्यात आमच्या फीडरवर दिवसात दोनदा तरी जाते. ही वस्तू बनवणाऱ्याच्या गावात लाइट जात नसेल बहुतेक.

नळ्यांचं पण सांगतो. पहिले पंधरा दिवस जिथे वळवाल तिथे राहतात, नंतर हळूहळू माना टाकतात. सकाळी पानाच्या वर सहा इंचावर ठेवलेली पट्टी संध्याकाळी पानावर टेकलेली. उष्णता फार नाही म्हणून पान करपलं नाही, पण मान बाजूला झुकून सहा इंचाचा एक फूट झाला तरी फरक पडतो, आणि किती पडतो ते मला कंपनीतला लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, आणल्यावर कळलं.

साहेबांना विचारून सुट्टीच्या आदल्या दिवशी घरी आणला, आमच्याकडे तो मशीनपाशी पुरेसा उजेड आहे का ते बघायला वापरतात. आणि रविवार असा निवडला की कूलर धुवायला खाली काढलेला होता. सकाळी दहाला खिडकी मोकळी असताना कुंडीच्या जागी, पानाच्या उंचीला, २,४०० लक्स. मग कूलर परत बसवला, थर्माकोल लावला, त्याच जागी ११०. मी दोनदा बघितलं, वाटलं सेल गेला मीटरचा. आमच्या डोळ्याला तर खोली जराशीच सावळी झालेली वाटत होती, डोळा लगेच जुळवून घेतो ना, बाहुली मोठी करतो आणि आपल्याला खोटं सांगतो. म्हणून "घरात भरपूर उजेड आहे" हे वाक्य झाडाच्या बाबतीत काही कामाचं नाही. दुपारी मीटर घेऊन गच्चीवर गेलो तर एक लाखाच्या वर. तीन जिने उतरायचे आणि एक लाखाचे एकशे दहा.

आता ही लाइट, पांढऱ्या मोडवर. एका पट्टीखाली सहा इंचावर साधारण २,५००. एक फुटावर सातशेच्या आसपास. अंतर दुप्पट की उजेड चौथाई, शाळेत शिकलेलं, पण पट्टी एवढीशी असली की ते असं डोळ्यापुढे दिसतं. आणि सहा इंचावर ठेवायची तर एक पट्टी एका पानापुरती. चार पट्ट्या चार पानं, बाकीच्या झाडाने काय करायचं? (जांभळ्या मोडचं मोजमाप देत नाही कारण लक्स मीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलेला असतो, हिरवट-पिवळा उजेड जास्त धरतो, लाल-निळा कमी, म्हणजे तो आकडा लाइटीवर अन्याय करेल.) एखाद्या बाटलीतल्या मनी प्लांटला किंवा टेबलावरच्या छोट्या रोपाला ही लाइट पुरेल, अगदी टाकाऊ नाही. मॉन्स्टेरासारख्या हातभर पसरणाऱ्या झाडाला नाही.

मधे एक कांड केलं तेही सांगतो, कारण या लाइटीखालच्या प्रश्नोत्तरात बरेच जण म्हणतात "लाइट कशाला, रोज दोन तास उन्हात ठेवा". अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, घर भरलेलं, पाहुणे, पुरणाचा घाट, कुंडी पायात येत होती म्हणून सकाळी अकराला गच्चीवर नेऊन ठेवली. म्हटलं खाऊ दे पोटभर ऊन. विसरलो. एकला आठवलं. वरची तीन पानं मधोमध पांढरट पडलेली, दोन दिवसात ती जागा तपकिरी आणि कागदासारखी कुरकुरीत झाली. ते डाग परत हिरवे होत नाहीत, आजपण आहेत, बोट लावलं की वाजतात. रावेरहून मामा आलेले, त्यांची केळी आहे, त्यांनी बघितलं आणि असे बघायला लागले माझ्याकडे की काय सांगू. म्हणे "टिश्यूकल्चरचं रोप लॅबमधून काढून कोणी सरळ वावरात लावतं का रे? आधी पॉलिहाऊस, मग हिरव्या नेटखाली, तेव्हा कुठे शेतात. आणि शेतात पण उन्हाळ्यात बाजूने ताग पेरतो आम्ही, झळ लागू नये म्हणून. तू घरातलं झाड उचललं आणि तव्यावर ठेवलं." बरोबर होतं. हे झाड मूळ मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातलं, मोठ्या झाडांच्या बुंध्याला धरून वर चढणारं, त्याच्या डोक्यावर पानांचं छत असतं, उजेड गाळून मिळतो. भरपूर पण गाळलेला. आपल्याकडे एकतर लाख नाहीतर एकशे दहा, मधलं काही नाही. ग्रीन नेटखाली गच्चीवर ठेवलं असतं तर उजेड मिळाला असता, पण मे मधली गरम हवा त्याला मानवली नसती, म्हणून ते केलं नाही.

मग ही सगळी आकडेमोड वहीत लिहून गोलाणी मार्केटला गेलो, एका इलेक्ट्रिकलच्या दुकानात. ग्रो लाइट आहे का विचारलं तर दुकानदार भाऊ म्हणे नाही, लोक ऑनलाइन घेतात आणि मग ॲडॅप्टर जळाला की माझ्याकडे येतात. त्यानेच सांगितलं, बॅटन घ्या. साधी चार फुटी एलईडी ट्यूब, २० वॅट, खोक्यावर २,००० लुमेन (एकूण किती उजेड निघतो त्याचं माप) छापलेलं, २३० ला एक, पक्क्या बिलावर दोन वर्षं वॉरंटी. दोन घेतल्या, एक थंड पांढरी ६५०० वाली आणि एक जराशी उबदार ४००० वाली. झाडाला दोन्ही चालतात, मला हॉल दवाखान्यासारखा नको होता एवढंच. घरी दीड इंची लाकडी पट्टीला दोन्ही शेजारी शेजारी ठोकल्या आणि छताच्या हुकाला नायलॉनच्या दोरीने टांगल्या, झाड वाढलं की दोरी आवळायची, पट्टी वर.

एक फूट खाली मीटर धरला, ५,००० च्या जरा वर. आणि महत्त्वाचं म्हणजे हे नुसतं एका पानावर नाही, तीन-साडेतीन फुटाच्या पट्ट्यात जवळपास तेवढंच. लांब ट्यूबचा हा फायदा, अंतर थोडं वाढलं तरी उजेड त्या ग्रो लाइटच्या पट्टीइतका धाडकन पडत नाही. खिडकीतून सकाळी मिळायचा त्याच्या दुप्पट, आणि खिडकीतला दुपारनंतर उतरत जातो, हा बारा तास एकसारखा. बारा तासच ठेवतो, सकाळी ६ ते संध्याकाळी ६. रात्री अंधार. चोवीस तास लावून झाड दुप्पट वाढत नाही, उगाच बिल वाढतं.

बिलाचं विचारतात सगळे. दोन्ही मिळून ४० वॅट, बारा तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या जरा आत, महिन्याला साडेचौदा युनिट. दहा रुपये युनिट धरा तरी दीडशेच्या आत. आमचा कूलर त्याच्या कितीतरी पट खातो आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही.

टायमर मात्र इथेपण रडवतो. मी आधी तो गोल चकती फिरवायचा मेकॅनिकल टायमर घेतला, तो लाइट गेली की थांबतो आणि आली की जिथे होता तिथून पुढे चालतो, म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास मागे. पंधरा दिवसांनी बघतो तर लाइट दुपारी दोनला लागतेय आणि रात्री दोनला बंद होतेय, हॉलमधे झोपलेले पाहुणे कातावलेले. आता आत सेल असलेला डिजिटल घेतलाय, ४०० च्या आसपास गेला, वेळ विसरत नाही आणि लाइट आली की आपोआप चालू.

झाडाचं म्हणाल तर घाई करू नका. बॅटन लावल्यावर पहिलं पान आलं ते पण साधंच, कारण ते आधीच कोंबात तयार झालेलं असतं. दुसरं पान जूनच्या शेवटी, देठ आखूड, रंग गडद, एका बाजूला दोन चिरा. तिसरं श्रावणात, घरी कानबाईची गडबड होती तेव्हाच उलगडत होतं, आई रोज सकाळी देवीच्या आधी त्याच्याकडे बघायची. दोन्ही बाजूला चार-चार चिरा आणि मधल्या शिरेजवळ एक छोटं भोक. चिलटं पण गेली, कारण माती आता चार-पाच दिवसात वाळते, बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

कूलर निघाल्यावर बॅटन काढून टाकणार होतो, नाही काढल्या. एकतर पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस आभाळ, त्या दिवसात मोकळ्या खिडकीपाशी पण मी ८०० बघितले. दुसरं, खिडकीचा हिशोब आपण समजतो तेवढा सरळ नाही. मी ऐकलेलं की उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, झाडं तिकडे ठेवा, म्हणून लहान मनी प्लांट स्वयंपाकघरात उत्तरेला ठेवलेला, जूनमधे ढग नव्हते तेव्हा त्याच्यावर संध्याकाळी सरळ ऊन. जळगाव साधारण २१ अंशावर, सूर्य इथे मे च्या शेवटच्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो, आणि जुलैच्या मध्यानंतर परत दक्षिणेला. तेवढे दिवस उत्तरेची खिडकी तापते, सकाळ-संध्याकाळ जास्तच. आणि डिसेंबरात उलटं, दक्षिणेच्या खिडकीतून दुपारी ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं. थंडीतलं ते कोवळं ऊन मॉन्स्टेराला चालतं, मी जानेवारीत मुद्दाम तिकडे सरकवतो.

तर ज्यांना ही चार मुंड्यांची लाइट घ्यायचीच आहे त्यांनी आधी फोनमधे लक्स मोजायचं फुकट ॲप टाकून पानाच्या जागी फोन धरा. आकडा कंपनीच्या मीटरशी तंतोतंत जुळत नाही, माझ्या फोनवर थोडा कमीच दाखवतं, पण शंभर आहे का दोन हजार हे नक्की समजतं. दोन हजारच्या वर असेल तर लाइट कशाला घेता.

परतीचं राहिलं. मुदत दहा दिवसांची होती, मला शहाणपण दीड महिन्याने आलं, म्हणून ती घरीच आहे. मान मोडलेल्या दोन नळ्या सुतळीने बांधल्यात आणि आता ती मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, पांढऱ्या मोडवर, क्लिप अजून घट्ट. तो परीक्षा जवळ आली की मुद्दाम जांभळा लावतो.

खालच्या मजल्यावरच्या काकू परवा बॅटन बघायला आल्या, त्यांचा पण मॉन्स्टेरा असाच लोंबलाय, त्यांना दुकानाचं नाव हवं होतं. मी मीटर नव्हता म्हणून फोन घेऊन खाली गेलो. त्यांचा कूलर बेडरूमच्या खिडकीत, हॉलची खिडकी मोकळी, आणि कुंडी टीव्हीच्या बाजूला कोपऱ्यात, शोभा म्हणून. म्हटलं काकू, काही घेऊ नका, फक्त ही कुंडी तिकडे चार फूट सरकवा. त्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.